कॉलेजच्या मुलांना लिहायला शिकवायचंय? मग वहीच्या आधी फोन उघडायला सांगा

पहिल्या तासाला पुस्तक उघडू नका. पत्रलेखनाचे प्रकार, ईमेलचे फायदे-तोटे, संप्रेषणाची व्याख्या हे सगळं सिलॅबसमध्ये आहे आणि ते कधीतरी करायचंच आहे, पण त्यानेच सुरुवात केली की मुलं मुकाट्याने उतरवून घेतात, परीक्षेत तसंच्या तसं लिहितात आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या नंबरवर परत "सर फॉर्म कधी" एवढाच मेसेज टाकतात. मी साताऱ्यात बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना व्यवहारातल्या लेखनाचा हा विषय शिकवतो, त्यातून जे जमतंय असं वाटलं ते इथे लिहितोय, म्हणजे नवीन लागलेल्यांना, खास करून सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशोबाने, चार कॉलेजं करणाऱ्यांना जरा हाताशी काहीतरी राहील.

मुलांना लिहायचा कंटाळा आहे असं स्टाफरूममध्ये सारखं ऐकू येतं, मला ते पटत नाही. मुलं सकाळी उठल्यापासून लिहीतच असतात, व्हॉट्सॲपवर, इन्स्टावर, कमेंटमध्ये. पण ते सगळं ओळखीच्या माणसाला लिहिलेलं असतं, ज्याला अर्धं सांगितलं तरी बाकीचं कळतं. ज्याला आपण कोण हे माहीत नाही आणि ज्याच्याकडून काहीतरी काम करून घ्यायचंय अशा माणसाला लिहायची वेळ त्यांच्यावर शाळेत कधी आलेलीच नसते. शाळेत लिहिलेलं सगळं गुरुजींनी तपासायला असतं. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे की वर्षभरात जे काही लिहून घ्याल त्याला खरा वाचणारा पाहिजे, आणि वाचून त्याने काय करायचं हे लिहिणाऱ्याला आधी ठरवता आलं पाहिजे. बाकी व्याकरण, मायने, फॉन्ट, ॲप सगळं त्याच्या मागून येतं.

तर पहिला तास असा घ्या. आधी ऑफिसमधल्या क्लार्कला किंवा क्लास टीचरना विचारून मुलांकडून आलेले मेसेज गोळा करा, नावं आणि नंबर पूर्ण काढून टाका, शक्यतो आत्ताच्या वर्गातले घेऊच नका, मागच्या बॅचचे घ्या. ते फळ्यावर लिहा. साधारण असे असतात: "सर". नुसतं "सर", मग दोन तास काही नाही. "मॅडम उत्पन्नाचा चालतो का". "मी काल आलो होतो तुम्ही नव्हता". आता वर्गाला सांगा की तुम्ही त्या खिडकीत बसलेले क्लार्क आहात आणि असे शंभर मेसेज आलेत, उत्तर द्या. मुलं स्वतःच म्हणायला लागतात, अहो पण हा कोण, कुठल्या वर्गाचा, कशाचा उत्पन्नाचा. हे तुम्ही सांगायच्या आधी त्यांच्या तोंडून यायला पाहिजे, म्हणून घाई करू नका, दहा मिनिटं गोंधळ झाला तरी चालेल. मग तोच मेसेज दोघादोघांत बसून नीट करायला लावा. एक चांगला झालेला असा दिसतो:

"नमस्कार मॅडम, मी बी.ए. भाग २ ची विद्यार्थिनी, रोल नंबर ११४. स्कॉलरशिपच्या फॉर्मला मागच्या वर्षीचा उत्पन्नाचा दाखला चालेल का? नवीन दाखला मिळायला आठवडा लागेल असं सेतूमध्ये सांगितलंय, म्हणून आधी विचारतेय."

यात काय आलं ते मुलांनाच शोधू द्या. कोण लिहितंय, नेमकं काय पाहिजे, आणि आत्ताच का विचारतेय. हे तिन्ही एकाच मेसेजमध्ये आल्यामुळे समोरच्याला "हो" किंवा "नाही" एवढंच उत्तर द्यावं लागतं. मुलांना हे एकदा कळलं की त्यांना पटकन जमतं, कारण त्यात त्यांचाच फायदा असतो.

आपल्याकडची मुलं कोण आहेत हेही डोक्यात ठेवा. जावळी, पाटण, कोरेगाव, माण, खटाव, कुठून कुठून एसटीने येतात, बऱ्याच घरांमध्ये कॉलेजपर्यंत पोचलेलं पहिलं माणूस हेच. त्यामुळे पीक विम्याचा फॉर्म, रेशनकार्डात नाव घालायचा अर्ज, बहिणीचं महाडीबीटी, घरातली सगळी लिखापढी यांच्याच गळ्यात येते. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ ला कराड तालुक्यातल्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ ला साताऱ्यात वसतिगृह काढलं, ते ज्या घरातल्या मुलांसाठी, तशाच घरातली मुलं आजही आपल्यासमोर बसलेली असतात आणि त्यातली कितीतरी कमवा-शिकामध्ये किंवा पहाटे कुठेतरी काम करून वर्गात येतात. त्यांना "कल्पना करा की तुम्ही एका कंपनीचे विक्री व्यवस्थापक आहात" असं पत्र लिहायला लावायचं आणि घरी पडून राहिलेला खरा अर्ज तसाच ठेवायचा हे मला बरोबर वाटत नाही. घरचा अर्ज वर्गात आणू द्या. तोच धडा.

आता फोनबद्दल. बहुतेकांकडे लॅपटॉप नसतो, कॉम्प्युटर लॅब दुसऱ्या डिपार्टमेंटची असते, त्यामुळे सगळं फोनवर जमेल असंच ठरवा. गूगल डॉक्स पुरेसं आहे. त्यात कमेंट करता येते, तुम्ही सुचवलेले बदल वेगळ्या रंगात दिसतात आणि आधीच्या व्हर्जनमध्ये काय होतं तेही बघता येतं. रेंज नसलेल्या गावातल्या मुलांना फाइल ऑफलाइन करून ठेवायला पहिल्या आठवड्यातच शिकवा, नाहीतर ती मुलं मागे पडतात आणि आपल्याला वाटतं की करत नाहीत. मराठी टायपिंग जीबोर्डवर करा, मराठीत बोलून टाइप करायची सोय वापरायलाही काही हरकत नाही, उलट ज्यांचा हात चालत नाही त्यांना तिने धीर येतो. पण बोललेलं जसंच्या तसं पाठवायचं नाही. त्यात पूर्णविराम नसतात, वाक्य कुठून कुठे गेलं कळत नाही, म्हणून बोलून झालं की एकदा मोठ्याने वाचायचं आणि जिथे श्वास घ्यावा लागतो तिथे वाक्य तोडायचं.

फॉन्टचं एकदाच पण नीट सांगा, कारण यात मुलांचं खरंच नुकसान होतं. डीटीपीच्या दुकानातून टाइप करून आणलेला मजकूर बऱ्याचदा जुन्या फॉन्टमधला असतो, म्हणजे आत सगळी इंग्रजी अक्षरं असतात आणि वरून फक्त चेहरा मराठीचा. तो मेलमध्ये किंवा ऑनलाइन फॉर्ममध्ये पेस्ट केला की कचरा दिसतो. युनिकोडमध्ये असेल तर कुठल्याही फोनवर मराठीच दिसतं. ओळखायची सोपी युक्ती म्हणजे मजकुरातला एक शब्द कॉपी करून व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवायचा, मराठी दिसला तर युनिकोड. तेवढ्यातच अर्धा र कसा टाइप करायचा तेही दाखवा, कारण "सातार्याच्या दर्याखोर्यात" असं लिहिलेलं बॅनरवरसुद्धा दिसतं आणि फोनवर दऱ्याखोऱ्या नीट उमटवणं अवघड नाही, फक्त कीबोर्डवर ते अक्षर कुठे आहे हे कुणी दाखवलेलं नसतं.

ईमेलला दोन तास पुरतात, जास्त देऊ नका. विषयाची ओळ रिकामी नको आणि सगळा मेल विषयातही नको. विषय असा पाहिजे की महिन्याने शोधलं तर सापडेल, "अर्ज" असं लिहिलं तर सापडत नाही, "बोनाफाइडसाठी अर्ज, बी.कॉम. भाग १, रोल नं. ४२" असं लिहिलं तर सापडतं. फाइलचं नाव तसंच, "स्कॅन००३" किंवा "नवीन फायनल फायनल" नको. मार्कशीटचा फोटो अंधारात चादरीवर ठेवून काढलेला पाठवतात, तो स्कॅन करून पीडीएफ करायला दाखवा. ड्राइव्हची लिंक पाठवली तर ती समोरच्याला उघडते का हे दुसऱ्याच्या फोनवर बघूनच पाठवायची. मेल लिहिताना आधी फाइल जोडायची, मग मजकूर, आणि पत्ता सगळ्यात शेवटी टाकायचा, म्हणजे अर्धवट मेल जात नाही. सीसी म्हणजे ज्याला नुसतं माहीत असावं तो, आणि बीसीसी म्हणजे पन्नास जणांना पाठवताना एकमेकांचे पत्ते दिसू नयेत म्हणून. एवढं पुष्कळ झालं.

खरा जास्तीचा वेळ द्यायचा तो या पुढच्या कामाला. वर्गात विचारा की येण्याजाण्यात सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतो. हमखास एसटी निघते. समजा संध्याकाळची एक फेरी वरचेवर रद्द होतेय आणि मुली स्टँडवर अंधार पडेपर्यंत थांबतात. आता डेपो मॅनेजरला अर्ज लिहायला सांगा आणि काहीही न शिकवता पहिला खर्डा घ्या. तो असा येतो: "माननीय महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आम्हा विद्यार्थ्यांची अतोनात गैरसोय होत असून आपण यात जातीने लक्ष घालावे ही नम्र विनंती." आणि संपला अर्ज. वाचून डेपोतल्या माणसाला कुठली गाडी तेच कळत नाही.

इथे मुलांना रागावू नका, त्यांना हेच शिकवलंय. फक्त फळ्यावर प्रश्न लिहीत जा. कुठल्या गावाची फेरी? सुटायची वेळ काय? कुठल्या कुठल्या तारखेला आली नाही? किती जण थांबतात? त्यानंतरची गाडी किती वाजता? पास कुणाकुणाकडे आहेत? यातलं निम्मं त्यांना माहीत नसतं, मग ते माहीत करून घ्यायला दोन आठवडे द्या. रोज कुणीतरी एकाने वहीत तारीख आणि गाडी आली की नाही ते लिहायचं, चौकशी खिडकीवर जाऊन वेळ नीट विचारायची, थांबणाऱ्यांची नावं घ्यायची. लिहिता येत नाही असं आपण म्हणतो तेव्हा कितीतरी वेळा लिहायला हातात काहीच नसतं एवढंच असतं. दोन आठवड्यांनी तीच मुलं जो अर्ज लिहितात त्यात अतोनात वगैरे काही नसतं, तारखा असतात आणि खाली एक स्पष्ट मागणी असते, की ही फेरी रद्द करायची असेल तर निदान आधी कळवा किंवा त्या वेळेला दुसरी गाडी जोडा. हा अर्ज प्राचार्यांना दाखवून, त्यांच्या परवानगीने खरोखर पाठवा. पोच घ्या. पोच घेणं हाही या विषयाचाच भाग आहे आणि तो कुठल्याच पुस्तकात ठळकपणे नसतो.

उत्तर आलंच नाही तर पुढची पायरी म्हणजे माहितीचा अधिकार. २००५ चा कायदा, महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये फी, साधारण ३० दिवसांत उत्तर द्यायचं बंधन. आणि लेखन शिकवणाऱ्याच्या फार कामाची गोष्ट म्हणजे आपल्या राज्याच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसवायचा असतो. यापेक्षा चांगला सारांशलेखनाचा सराव मला माहीत नाही. शिवाय यात "गाडी वेळेवर का सोडत नाही?" असं विचारून चालत नाही, कारण कायद्याने नोंदीत असलेली माहिती मिळते, कुणाचं मत किंवा खुलासा मिळत नाही. मग मुलांना प्रश्न बदलावा लागतो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही फेरी कुठल्या दिवशी रद्द झाली त्याची नोंदवहीतली प्रत द्यावी. "का" वरून "काय नोंद आहे" वर येताना मुलं जी डोकेफोड करतात ती ऐकण्यासारखी असते. त्या तासाला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात.

हे झालं की तोच मजकूर तीन ठिकाणांसाठी लिहायला लावा. डेपोला अर्ज झाला, आता गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच गोष्ट चार ओळींत सांगायची, आणि स्थानिक पेपरला बातमीसारखी द्यायची. अर्जात मागणी शेवटी आली तरी चालते, ग्रुपवर ती पहिल्याच ओळीत पाहिजे कारण पुढचं "अजून वाचा"च्या मागे जातं, आणि पेपरला द्यायची असेल तर राग बाजूला ठेवून डेपोचं म्हणणंही विचारायला लागतं. वेळ उरला तर एसएमएससुद्धा करून बघा. देवनागरीतला एक एसएमएस ७० अक्षरांचा धरतात, इंग्रजीतला १६० चा, आणि देवनागरीत काना-मात्रा वेगळी मोजली जाते, त्यामुळे मुलांना एकेक शब्द तोलावा लागतो. "१२ ला कॉलेज बंद. परीक्षा १४ ऑगस्टला ११ वाजता, हॉल ३." असं जमलं की त्यांना भारी वाटतं.

फॉरवर्डचा विषय पावसाळ्यातच घ्या, जूनच्या शेवटी किंवा जुलैत. कारण आपला जिल्हा कोयनेचा. धरण पाटण तालुक्यात, क्षमता १०५ टीएमसीच्या वर, कोयना कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते आणि ते पाणी पुढे सांगलीला जातं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, तिथली इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. अशा दिवसांत "उद्या कोयनेतून मोठ्या प्रमाणात पाणी सोडणार, सर्वांनी सावध राहा" असा मेसेज फिरतो. हा मेसेज वर्गात ठेवा आणि विचारा, उद्या म्हणजे कधी? ज्याने लिहिला त्याचा उद्या, की चार दिवसांनी ज्याला मिळाला त्याचा उद्या? तो मेसेज फिरत राहिला तर पूर ओसरल्यावरही उद्या पाणी येणारच असतं. म्हणून आज, उद्या, परवा, सकाळी हे शब्द पुढे जाऊ शकणाऱ्या कुठल्याही मेसेजमध्ये एकटे वापरायचे नाहीत, तारीख आणि वेळ टाकायची. मोठ्या प्रमाणात म्हणजे किती क्युसेक ते लिहायचं, कोणी सांगितलं ते लिहायचं, आणि कुठल्या गावांना ते लिहायचं.

टीएमसी आणि क्युसेक यातला फरकही तेव्हाच समजावून सांगा, कारण मोठ्या माणसांचाही यात घोळ होतो. टीएमसी म्हणजे साठलेल्या पाण्याचं माप, एक टीएमसी म्हणजे सुमारे २,८३० कोटी लिटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला किती पाणी वाहतंय त्याचं माप, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटरच्या आसपास. "५० टीएमसी पाणी सोडलं" असा मेसेज आला तर तो लिहिणाऱ्याला हे माहीत नाही एवढं तरी वाचणाऱ्याला कळलं पाहिजे. व्हॉट्सॲपवर दोन बाणांची खूण दिसली तर तो मेसेज बऱ्याच हातांतून आलाय हेही दाखवून ठेवा. आणि स्वतः लिहिलेल्या मेसेजमध्ये चूक झाली तर १५ मिनिटांत तो सुधारता येतो, त्यानंतर मात्र नवीन मेसेज टाकून "आधीच्या मेसेजमधली वेळ चुकली होती, बरोबर वेळ ही" असं सरळ सांगायचं. नदीकाठच्या गावातल्या मुलांना हा धडा समजावून सांगावा लागत नाही, त्यांनाच बोलू द्या.

रस्ता सांगायचं एक छोटं काम आहे, एका तासाचं. साताऱ्याच्या स्टँडवर उतरलेल्या परक्या माणसाला कासला कसं जायचं ते लिहा. आपली मुलं "राजवाड्यावरनं सरळ वर" असं लिहून मोकळी होतात. मग बाहेरगावच्या मुलाला तेवढ्यावर रस्ता शोधायला लावा. समर्थ मंदिराच्या पुढे बोगद्यात न शिरता यवतेश्वरच्या घाटाला वळायचं हे लिहिलंच नसेल तर तो माणूस बोगद्यातून थेट सज्जनगडाच्या रस्त्याला लागतो. आपल्याला पाठ असलेलं दुसऱ्याला माहीत नसतं हे यातून जितकं कळतं तितकं भाषणातून कळत नाही.

बोलीबद्दल माझं मत पक्कं आहे. मुलाने "आमी गेल्तो" असं लिहिलं की वर्गात हसू होऊ द्यायचं नाही, आणि आपण तर अजिबात हसायचं नाही. एकदा हसलं की ते मूल वर्षभर लिहीत नाही. आजीची किंवा चुलत्यांची मुलाखत फोनवर रेकॉर्ड करायला लावा, त्यांना विचारून, आणि ती त्यांच्याच बोलीत उतरवून घ्या, एकही शब्द न सुधारता. मग त्यातलाच मजकूर ऑफिसला द्यायच्या भाषेत लिहायला सांगा. दोन्ही एकाच मुलाला येतं हे त्याला स्वतःला दिसलं पाहिजे.

चॅटजीपीटी मुलं वापरतातच, बंदी घालून उपयोग नाही. "आजच्या धकाधकीच्या युगात" अशी सुरुवात आली की आपल्याला कळतं. पण वर सांगितलेल्या कामांमध्ये त्याचा फारसा उपयोगच होत नाही, कारण मेढ्याची संध्याकाळची गाडी मंगळवारी आली की नाही हे त्याला ठाऊक नसतं. एक तास मुद्दाम त्याच्याकडूनच डेपोचा अर्ज लिहून घ्या आणि त्यात काय काय नाही, काय मनाचं घातलंय त्याच्याखाली रेघा मारायला लावा. शुद्धलेखन बघायला वापरलं तर वापरू द्या, फक्त कुठे वापरलं ते खाली लिहायला सांगा.

तपासणीचं बोलायलाच पाहिजे, कारण शंभर-सव्वाशे मुलं असतात आणि सगळ्यांचं सगळं तपासायला बसलं तर हा विषयच नको वाटायला लागतो. एका खेपेला एकच गोष्ट बघा. या खर्ड्यात फक्त मागणी स्पष्ट आहे का, पुढच्या वेळी फक्त तारखा-आकडे, त्यानंतर वाक्यं, ऱ्हस्व-दीर्घ सगळ्यात शेवटी. पहिल्याच खर्ड्यावर सगळी वेलांटी सुधारून दिली तर मुलं वेलांटीच सुधारून आणतात, मजकूर तसाच राहतो. दोघांनी एकमेकांचं मोठ्याने वाचायचं, लिहिणाऱ्याने आपलं लिखाण दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचं, अडखळला तिथे खूण करायची. यात तुम्हाला फक्त बाकांमधून फिरायचं असतं. रोज सात-आठ जणांचंच नीट बघा, सेमिस्टरभरात सगळ्यांचा नंबर लागतो.

अंतर्गत गुण देताना शेवटच्या चांगल्या प्रतीला सगळे गुण देऊ नका. पहिला खर्डा, मधला आणि शेवटचा असे तिन्ही एका फोल्डरमध्ये घ्या आणि काय बदललं, का बदललं ते मुलाला तोंडी विचारा, दोन मिनिटं पुरतात. ज्याने दुसऱ्याकडून लिहून आणलंय त्याला हे सांगता येत नाही, आणि ज्याची पहिली प्रत अगदीच कच्ची होती त्याला बरंच काही सांगता येतं, त्याला त्याचे गुण मिळाले पाहिजेत. आलेली उत्तरं, पोच, पेपरमधलं कात्रण हेही त्याच फोल्डरमध्ये जाऊ द्या. सेमिस्टर संपताना मुलांना विचारून, नावं काढून, थोडे खर्डे जपून ठेवा, चांगले आणि कच्चे दोन्ही, पुढच्या जूनला फळ्यावर लिहायला तेच लागतात.